ज्ञानकोश लिहायचा आपणच!

झाशीच्या जुन्या तटाला दहा दरवाजे. ओरछा, दतिया, सागर, लक्ष्मी... आणि खंडेराव गेट. नेवाळकरांच्या या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या, सणावारांच्या किती तरी गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असतात. त्यांच्यामागे त्या कोण सांगणार?

पूर्वी ज्ञानकोश म्हणजे विद्वानांचे काम. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश मराठीला दिला. आता मात्र कुणीही लिहावे, कुणीही दुरुस्त करावे अशी सोय इंटरनेटवर झाली आहे. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली असे पहिले संकेतस्थळ सुरू केले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. तेच नाव त्याने उचलले. २००१च्या जानेवारीत विकिपीडिया आला आणि २००३ साली महाराष्ट्रदिनी, १ मे रोजी, मराठी विकिपीडिया सुरू झाला.

‘कुणीही लिहायचे, मग खोटे कुणी लिहिले तर?’ हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. लिहितातही! पण ‘इतिहास’ हे बटण दाबले की कोणता बदल केव्हा आणि कोणत्या खात्यावरून झाला, ते दिसते. चुकीचा मजकूर काढून आधीचा परत आणता येतो. मतभेद झाला, तर ‘चर्चा’ पानावर वाद घालायचा.

राणी लक्ष्मीबाईंचेच पाहा. त्यांचे जन्मवर्ष कुठे १८२८ छापलेले असते, तर कुठे १८३५. अशा वेळी आवाज चढवून भागत नाही. कोणत्या पुस्तकात काय म्हटले आहे, ते सांगावे लागते. दोन्ही बाजूंना आधार असेल, तर दोन्ही साले नोंदवायची.

इथेच खरी अडचण आहे. ‘आमचे आजोबा सांगायचे’ हा आधार विकिपीडियावर चालत नाही. म्हणून आधी आजोबांच्या आठवणी लिहून काढा, स्थानिक अंकात किंवा मंडळाच्या स्मरणिकेत छापून आणा. छापील मजकूर विश्वासार्ह ठरला, तर पुढे त्याचा हवाला देता येतो. छायाचित्रांचे काम त्याहून सोपे. खंडेराव गेटचा स्वतः काढलेला फोटो ‘विकिमीडिया कॉमन्स’वर सर्वांसाठी खुला करता येतो. दुसऱ्याचा फोटो किंवा पुस्तकातला उतारा मात्र जसाच्या तसा उचलायचा नाही.

सुरुवात लहानशी करा. शुद्धलेखनाची एखादी चूक सुधारा, एखादे साल आधारासह भरा. वाचतानाही सावध असा. औषधपाण्याच्या बाबतीत तर डॉक्टरांनाच विचारा.

केतकरांना खंडांसाठी पैसा आणि माणसे जमवावी लागली. आपल्याला रविवारचा एक तास पुरे. घरातली जाणती माणसे आहेत, तोवर तो काढायला हवा.