बीपी नॉर्मल, मग गोळी बंद?

तुम्ही पुण्यात जॉबला, आई-बाबा परभणीत? मग फोनवर हा डायलॉग ऐकलाच असेल : ‘बीपी नॉर्मल आलंय, गोळी सोडली.’ अहो बाबा, नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच!

‘एकदा लागली की सुटत नाही’ ही भीती जिंतूर-सेलूपासून कोथरूडपर्यंत सेम. पण गोळीचं व्यसन लागत नाही. ती सोडली की बीपी पुन्हा चढतं, तेही डोकं न दुखता, गुपचूप. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते, हे खरं. तसं झालं तर डॉक्टर डोस कमी करतात, गोळी बदलतात. परस्पर बंद करू नका. गुडघेदुखीच्या काही गोळ्यांनीही बीपी वाढतं, तेही डॉक्टरांना सांगा.

आणि ठेचा-भाकरी? खा की! फक्त दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लोणचं-पापड त्यातच धरून, बरं का.