कायदा आपल्या दारी – लेखांक ९ : छाप्यानंतर कोण कुठे जातं?

गेल्या आठवड्यात आपण अटक म्हणजे काय, ताबा म्हणजे काय आणि जामिनाचा हक्क कोणाला, हे पाहिलं. आज त्याच वाटेनं अशा एका कायद्याकडे जाऊ, ज्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो आणि ज्याबद्दल घरात मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही.

वरणगाव हे महामार्गावरचं गाव. एका बाजूला दीपनगरचं वीज केंद्र आणि भुसावळ जंक्शन, दुसऱ्या बाजूला मुक्ताईनगरकडे जाणारा रस्ता, आणि मध्ये आपली फॅक्टरी. रात्रंदिवस ट्रक, ढाबे, लॉज. अशा पट्ट्यात लॉजवरच्या छाप्याची बातमी नवी नसते आणि तिचा साचाही ठरलेला असतो. पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवलं, इशारा मिळताच पथक आत शिरलं, व्यवस्थापकाला ताब्यात घेतलं, महिलांची सुटका केली आणि त्यांना जळगावच्या आशादीप वसतिगृहात पाठवलं. बातमी तिथं संपते. छाप्यात सापडलेल्या माणसांपैकी पुढे कोण कुठे जातं आणि किती दिवस अडकून पडतं, हे वाचकाला सहसा कळत नाही. कायदा सारखा वागतो की नाही, ते मात्र तिथंच कळतं.

कायदा काय म्हणतो

पोलीस ज्याला ‘पिटा’ म्हणतात, तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा. अंमल १ मे १९५८ पासून. १९७८ आणि १९८६ मध्ये त्यात मोठे बदल झाले. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं, एवढ्यावरून या कायद्यात कुठेही गुन्हा होत नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं (कलम ३), दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणं (कलम ४), बाईला या धंद्यात आणणं किंवा लावणं (कलम ५) आणि तिला कोंडून ठेवणं (कलम ६). म्हणजे कायद्याचा रोख शोषण करणाऱ्यावर आहे.

पण त्याच कायद्यात दोन कलमं अशी आहेत, जी थेट बाईपर्यंत पोचतात. सातव्या कलमानुसार देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. आठवं कलम सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावण्याबद्दल. त्यात पहिल्या वेळी बाईला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तोच गुन्हा पुरुषानं केला तर सात दिवस ते तीन महिने. कृत्य एकच, पण बाईच्या शिक्षेची कमाल मर्यादा दुप्पट. असमानता इथे अंमलबजावणीत शिरलेली नाही. ती कायद्यातच लिहिलेली आहे.

ही तक्रारही आजची नाही. कायदा लागू झाला त्याच दिवशी, १ मे १९५८ रोजी, अलाहाबादच्या हुस्ना बाईंनी उच्च न्यायालयात अर्ज करून विचारलं होतं की राज्यघटनेनं दिलेला व्यवसायाचा हक्क मला का नाही? तो अर्ज तांत्रिक कारणावर निकाली निघाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, दंडाधिकाऱ्यानं अशा बाईला एखाद्या भागातून बाहेर काढण्याचं कलम २० वैध ठरवलं. ते आजही कायम आहे.

छाप्याच्या पायऱ्या

आता छापा जवळून पाहू. कारवाईचा अधिकार विशेष पोलीस अधिकाऱ्याला. तो निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा. वॉरंट नसलं तरी आत जाता येतं, पण दोन प्रतिष्ठित पंच हवेत, त्यांतली एक बाई हवी. सोबत दोन महिला पोलीस हव्यात. बाईची विचारपूस महिला अधिकाऱ्यानंच करायची. ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या महिला कार्यकर्तीच्या समक्ष व्हायला हवी. या अटी शोभेच्या नाहीत. अर्ध्या रात्री परक्या खोलीत सापडलेल्या बाईला तेवढाच आधार असतो.

बनावट गिऱ्हाइकाला दिलेल्या नोटांचे नंबर आधीच पंचनाम्यात उतरवून घेतात. खोलीत पैसे हातात पडले की तो मोबाइलवरून मिस्ड कॉल देतो, पथक वर येतं. मग जप्ती: नोटा, मोबाइल, लॉजचं रजिस्टर आणि बहुतेक वेळा निरोधची पाकिटं. यातली शेवटची वस्तू मला खटकते. एकीकडे सरकारचाच एड्स नियंत्रण कार्यक्रम या बायकांच्या हाती निरोध देतो, आणि दुसरीकडे तीच पाकिटं पुरावा म्हणून लाखेच्या मोहोरेखाली बंद होतात. जवळ निरोध सापडला की पंचाईत होते, हे एकदा कळलं की बाई तो जवळ ठेवायचंच टाळते. तिचाही जीव धोक्यात येतो, गिऱ्हाइकाच्या घरचाही.

इथून पुढे वाटा फुटतात. व्यवस्थापकावर कलम ३ लागतं. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं सक्तमजुरी आणि दंड फक्त २,००० रुपयांपर्यंत. जामीन मिळायला सहसा वेळ लागत नाही. जागेचा मालक ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणतो. त्याच्यासाठी कायद्यानं एक चांगली तरतूद करून ठेवली आहे: झडतीत ही जागा कुंटणखाना म्हणून सापडली, अशी बातमी त्याच्या भागातल्या वर्तमानपत्रात छापून आली, की त्यानंतर त्याला हे ठाऊक होतं असंच गृहीत धरलं जातं, उलट सिद्ध करणं त्याच्यावर. शिवाय कलम ७ खालच्या गुन्ह्यात हॉटेलचा परवाना तीन महिने ते एक वर्ष निलंबित करता येतो आणि कलम १८ खाली दंडाधिकारी जागा रिकामी करून घेऊ शकतो. म्हणजे मालकाला जाब विचारायची हत्यारं आहेत. ती उचलली जातात का, हे छाप्याच्या बातमीत कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

गिऱ्हाइकाचं काय, याचं उत्तर राज्याराज्यानुसार बदलतं. आंध्र आणि कर्नाटक उच्च न्यायालयांनी नुसता गिऱ्हाईक म्हणून सापडलेल्या माणसावरचे गुन्हे रद्द केले आहेत. केरळ उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये उलट भूमिका घेतली: बाई म्हणजे वस्तू नव्हे, पैसे देऊन तिला यात ओढणाऱ्यावर कलम ५ लागू शकतं. त्या कलमाची शिक्षा तीन ते सात वर्षं. एकाच केंद्रीय कायद्याखाली एका राज्यातला माणूस घरी जातो आणि दुसऱ्या राज्यातला खटल्याला सामोरा जातो.

जिची सुटका झाली, तीच आत

आणि बाई? कागदावर ती पीडित असते, आरोपी नसते. तिला दंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात, वय आणि आजार तपासतात, चौकशीच्या काळात तीन आठवड्यांपर्यंत सुरक्षित ताब्यात ठेवता येतं. चौकशीत तिची पार्श्वभूमी, आणि आईवडील, पालक किंवा नवरा तिचा ताबा घ्यायला योग्य आहेत का, हे बघायचं असतं. तीस-पस्तीस वर्षांच्या बाईबद्दलही हेच विचारलं जातं. त्यानंतर कलम १७ खाली तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश होऊ शकतो. कोणी नातेवाईक कागदपत्रं घेऊन येईपर्यंत अनेकजणी तशाच थांबतात. ज्यांनी घरी हा व्यवसाय लपवलेला असतो, त्यांनी कोणाला बोलवायचं?

यावर मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक पोलीस ठाण्यात लावावा असा आहे. २०१९ मध्ये मालाडच्या एका अतिथीगृहातून तीन तरुणींना ताब्यात घेतलं होतं. तिघीही सज्ञान. दंडाधिकाऱ्यानं त्यांना वर्षभर देवनारच्या वसतिगृहात ठेवायचा आदेश दिला, सत्र न्यायालयानं तो कायम केला. २५ सप्टेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी दोन्ही आदेश रद्द केले. वेश्याव्यवसाय हा या कायद्यात मुळात गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध असं डांबून ठेवता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. तरीही २०२३ मध्ये मुलुंडच्या छाप्यात सापडलेल्या ३४ वर्षांच्या बाईला पुन्हा वर्षभराचा आदेश झाला आणि तो रद्द करून घ्यायला तिला सत्र न्यायालयात जावं लागलं. मुंबईत वकील मिळाला, अपील झालं. भुसावळच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या परमुलखातल्या बाईच्या हातात हा निकाल कोण देणार?

मार्च २०२१ मध्ये जळगावच्या आशादीप वसतिगृहावरून विधानसभेत गदारोळ झाला होता. आरोप गंभीर होते. सहा महिला अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि आरोपांत तथ्य नसल्याचं गृहमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. तो विषय तिथं मिटला. पण अशा कोणत्याही वसतिगृहाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न मला त्याहून साधा वाटतो: इथं राहणारी सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं राहते आहे का? मर्जीनं राहायचं असेल तर कायद्याचं कलम १९ तिला स्वतःहून अर्ज करायची मुभा देतंच.

कुठे चालतं, कुठे चालत नाही

दोनशे मीटरची अटच घ्या. वरणगाव, अमळनेर, चोपडा यांसारख्या गावांत देऊळ, मशीद, शाळा किंवा दवाखाना दोनशे मीटरच्या आत नाही, अशी गल्ली शोधून सापडणं कठीण. म्हणजे सातवं कलम कुठेही, कधीही लावता येतं. कायदा इतका रुंद असला की तो कधी लावायचा हे त्या त्या वेळचा अधिकारी, वरून आलेला आदेश किंवा एखादा मोर्चा ठरवतो. नागपूरची गंगा-जमुना वस्ती पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली. ११ ऑगस्ट २०२१ रोजी पोलिसांनी ती सील केली. बायका रस्त्यावर उतरल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. वस्तीतली शाळा-देवळं त्या दिवशी उगवली नव्हती. बदलला होता तो फक्त कायदा लावायचा निर्णय.

सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ च्या आदेशात या विषयाला हात घातला. न्यायालयानं नेमलेल्या समितीच्या काही शिफारशींवर केंद्रानं हरकती नोंदवल्या होत्या. ज्यांवर हरकत नव्हती त्या काटेकोर पाळा, असं राज्यांना सांगितलं गेलं. संरक्षणगृहांची पाहणी करून मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडणं, पोलिसांनी सन्मानानं वागणं, निरोध हा पुरावा न मानणं, छाप्यातल्या बायकांची नावं किंवा फोटो न छापणं, हे सगळं त्यात आहे.

इथे एक रास्त हरकत येते. छापेच थांबवले तर फसवून आणलेल्या पोरींचं काय? या प्रश्नाला बगल देऊन चालणार नाही. अल्पवयीन मुलीची ‘मर्जी’ कायदा मानत नाही, मीही मानत नाही. जिथे पोरगी लहान आहे, जिथे बाईला विकलं, मारलं, कोंडलं आहे, तिथे छापा आजच पडला पाहिजे आणि दलालाला कमाल शिक्षा झाली पाहिजे. म्हणून तर सज्ञान बायकांना सरसकट उचलण्यात पोलिसांची ताकद जाऊ नये. आणि छाप्यात आपणही वर्षभर आत जाणार, हे ठाऊक असलेली बाई शेजारच्या खोलीतल्या लहान पोरीची खबर पोलिसांना देईल का?

न्याय्य अंमलबजावणी म्हणजे सौम्य अंमलबजावणी नव्हे. सारख्या प्रसंगी सारखं वागणं आणि ज्यानं नफा कमावला त्याच्यापासून सुरुवात करणं, एवढाच तिचा अर्थ. त्यासाठी नवा कायदा यायची वाट बघायला नको. आपल्या भागातल्या छाप्याची बातमी आली की महिन्या-दोन महिन्यांनी पत्रकारांनी, नगरसेवकांनी, महिला मंडळांनी तीन प्रश्न विचारावेत. लॉजच्या मालकावर गुन्हा आणि परवान्यावर कारवाई झाली का? दोषारोपपत्र दाखल झालं का? आणि ताब्यात घेतलेल्या सज्ञान बायकांना त्यांची मर्जी विचारून सोडलं का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आणि बाई अजून आतच, असं असेल, तर त्या छाप्यातून शिक्षा फक्त तिला झाली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. तो पहिल्याच तारखेला तिच्या बाजूला उभा असावा, हा आग्रह आपण धरायला हवा.

पुढील लेखांकात : मोफत वकील नेमका कसा मिळवायचा, अर्ज कुठे करायचा आणि नाकारला तर दाद कुठे मागायची.