पासबुकात न दिसणारी सही

आमचे गाव चिखली तालुक्यात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे अक्षर असलेला कोणताही कागद माझ्यापुढेच येतो. दिवाळीनंतर बाबांनी पासबुक आणून टाकले. "मागच्या मे महिन्यात हे चारशे छत्तीस अन् वीस रुपये कोनं कापले, पाहा बरं."

ते हप्ते होते पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे. या योजना २०१५ सालच्या. २०२२ पर्यंत हप्ते ३३० आणि १२ रुपये होते. बाबांनी कधीतरी एका छापील अर्जावर सही केली, त्यातच दरवर्षी पैसे परस्पर कापून घेण्याची संमती होती. कपात मेच्या शेवटच्या आठवड्यात होते. मी पुढची पाने उलटली, तर यंदाच्या मेमध्ये त्या ओळीच नव्हत्या! मेअखेर म्हणजे सोयाबीनचे बियाणे आणि खत भरण्याचे दिवस. खाते कोरडे होते. प्रत्येकी दोन लाखांचे दोन्ही विमे बंद पडले होते आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता.

त्याच सुमारास विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज काढायचे होते. कर्ज देणाऱ्याने मोबाईलवरून खात्याची सहा महिन्यांची माहिती मागितली. २०२१ पासून सुरू झालेल्या अकाउंट अ‍ॅग्रिगेटरच्या व्यवस्थेत आपल्या संमतीने ती पाठवता येते. पण जून ते नोव्हेंबरच्या उताऱ्यात मे कुठून दिसणार? उतारा गेलेला पैसा दाखवतो. तो नेण्याचा अधिकार कुणाला दिला आहे, हे त्यातून ताडावे लागते. ऑस्ट्रेलियात मात्र बँकेची माहिती देताना अशा कपातींची यादी वेगळी मागता येते, त्यात पैसे नेणाऱ्याचे नाव असते.

आपण काय करावे? निदान एका वर्षाचा उतारा घ्यावा. 'एसीएच' किंवा 'नॅच' अशी अक्षरे दिसली की मागे संमतीपत्र आहे असे समजावे. त्याला वीस अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक असतो, तो बँकेत विचारावा. यूपीआयची संमती त्या त्या अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे'खाली सापडते. विम्याची ओळ मात्र योजनेच्या नावानेच ओळखावी लागते. (आमच्या पासबुकात ते नाव अर्धेच छापले होते.)

डिसेंबरमध्ये बाबांनी जीवनज्योतीचा अर्ज पुन्हा भरला. उरलेल्या वर्षाचे २२८ रुपये पडले. नव्याने शिरल्यावर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज आलेल्या मृत्यूला संरक्षण नसते. ते दिवस आई रोज कालनिर्णयावर खूण करून मोजत होती.