टाकीतला दगड आधी बादलीत

ट्रुगानिनात घराचा पाया खणायला घेतला की थोड्याशा मातीखाली काळा दगड लागतो. मेलबर्नच्या पश्चिमेचं हे सगळं माळरान लाव्ह्याचं आहे, आपल्या सह्याद्रीसारखंच बेसाल्टचं. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. इथला त्या मानाने अगदी अलीकडचा, काही लाख ते चाळीस-पंचेचाळीस लाख वर्षांचा. हा दगड फोडायचे बिल्डर वेगळे पैसे लावतात, आणि घराचा ताबा मिळतो तेव्हा मागच्या अंगणात चार धोंडे पडलेले असतातच.

सांगलीला मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते. आता मुलाकडे इथे असते आणि घरातले फिशटँक माझ्याकडे आहेत. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, पंजाबी घरं बरीच. एकाने टाकी आणली की चार घरांत टाक्या येतात, आणि मग मुलं खिशातून दगड काढून विचारतात, ‘‘आजी, हा टाकीत टाकला तर चालेल का?’’ त्यांच्या आयांचाही तोच प्रश्न असतो, ‘‘काकू, दुकानातला दगड फार महाग आहे हो. अंगणातला का नाही चालणार?’’

चालतो. पण पाण्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू त्या पाण्याला काही ना काही देत राहते. मासा त्या पाण्यातच श्वास घेतो, त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. म्हणून वस्तू सुंदर आहे का हे मी शेवटी बघते. ती पाण्याला काय देणार, हा पहिला प्रश्न.

त्यासाठी आपलं पाणी कसं आहे ते आधी माहीत हवं. मेलबर्नचं बहुतेक पाणी यारा नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या आणि थॉमसन धरणाभोवतीच्या राखीव जंगलांतून येतं. त्यात विरघळलेले क्षार फार कमी, म्हणजे ते मृदू पाणी. सांगलीत बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरायचा. इथल्या केटलीत तो जवळपास दिसत नाही. चहाला आणि केसांना हे पाणी उत्तम, पण टाकीसाठी त्यात एक मेख आहे. पाण्यातले कार्बोनेट क्षार सामू, म्हणजे पीएच, स्थिर धरून ठेवतात. ते कमी असले की पाणी लगेच बदलतं. चुनखडीचा लहानसा तुकडाही ते अल्कधर्मी करतो आणि एखादं लाकूड ते आम्ल करतं. बोअरच्या कठीण पाण्यात जो दगड निमूट पडून राहिला असता, तोच इथे गडबड करतो.

सामू वाढला तर बिघडतं काय? माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक विषारी आणि दुसरं बरंच निरुपद्रवी. 25 अंश सेल्सिअसला सामू 7 असेल, तर विषारी रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू 8 झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे टाकीत नवीन काही घाण झालेली नसताना, केवळ दगडामुळे विष दहापट होतं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात आणि घरातले म्हणतात, मासेच कमजोर निघाले. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं.

दगड घासून धुवा, साबण अजिबात नको. कोरडा झाला की स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे: चुनखडक, संगमरवर, शिंपल्यांचा दगड. बेसाल्ट सहसा गप्प राहतो. पण बेसाल्टला भोकं असतात आणि त्यांत पांढरं काही भरलेलं असतं, तिथे मुद्दाम थेंब टाका. पुण्याच्या आसपासच्या खाणींतल्या ज्या झिओलाइटच्या स्फटिकांसाठी जगभरचे संग्राहक वेडे होतात, ते अशाच पोकळ्यांत सापडतात. त्यांच्या शेजारीच कॅल्साइटही असतं, आणि ते फसफसतं. इथल्या दगडातही तसं असू शकतं.

व्हिनेगर मात्र सौम्य आम्ल आहे. ते गप्प राहिलं म्हणजे दगड निर्दोष ठरला असं नाही. म्हणून मी दोन बादल्या भरायला सांगते. दोन्हींत नळाचं पाणी, एकीत दगड, दुसरी तशीच. आठवडाभराने दोन्हींचा सामू आणि कार्बोनेट कठीणपणा मोजा. त्याचे किट फिशटँकच्या दुकानात मिळतात. नुसत्या पाण्याची बादली अनेकांना निरर्थक वाटते. पण नळाचं पाणी उघडं ठेवलं की त्याचा सामू आपोआप थोडा सरकतो. ती बादली नसेल तर दोष दगडाचा की पाण्याचा, हे कळणार कसं? वर्गात मुलांना जे शिकवलं तेच इथे सांगते: तुलनेला काही नसेल तर प्रयोग झालाच नाही.

गंजासारख्या रेघा, सोनेरी चमक किंवा हिरवा-निळा डाग असलेला दगड बादलीपर्यंतही नेऊ नका. त्यात धातू असू शकतात. तांबं तर कोळंबी आणि गोगलगायींना अगदी थोडंही सोसत नाही. अंगणातल्या धोंड्यावर बिल्डरचं सिमेंट चिकटलेलं असेल तर तोही बाद, कारण सिमेंट सामू झपाट्याने वर नेतं. दगड उकळू किंवा भाजू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो, आणि तो फुटला की डोळ्यांवर बेतेल. बागकामाच्या दुकानातला लाल, सच्छिद्र स्कोरिया इथे स्वस्त मिळतो. उपयोगी जिवाणू त्याच्या भोकांत छान राहतात, पण त्याच्या धारदार कडा बेट्टाचे किंवा गोल्डफिशचे लांब पर फाडतात. गोल्डफिश तळ चाळत खातो, म्हणून तोंडात अडकेल अशा मापाची खडी त्याला नको. एकतर बारीक वाळू हवी, नाहीतर मोठे गोटे.

लाकडाचं म्हणाल तर रिव्हर रेड गम हा इथला निलगिरीचा भाऊबंद. त्याचं जुनं, पूर्ण वाळलेलं लाकूड जड आणि टिकाऊ असतं. ते उकळा, मोठं असेल तर भिजवत ठेवून पाणी बदलत राहा. पाणी कोऱ्या चहासारखं होतं ते टॅनिनमुळे. त्या रंगाने माशांना अपाय होत नाही, बऱ्याच माशांना तो मानवतोच. फक्त मृदू पाण्यात सामू किती उतरतो यावर लक्ष हवं. नव्या लाकडावर सुरुवातीला पांढरा बुळबुळीत थर येतो, त्याला घाबरू नका. गोगलगायी तो खाऊन टाकतात. पाइन, सीडर ही राळेची लाकडं नकोत. कोणतंही ओलं, ताजं लाकूड नको. कण्हेर इथे कुंपणाला सर्रास लावतात. तिची काडीसुद्धा टाकीजवळ नको. आणि अंगणातल्या त्या हिरवट झाक असलेल्या पाइनच्या फळ्या! त्यांत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असू शकतं. 2006 पासून ऑस्ट्रेलियात खेळाची साधनं, बाक अशा ठिकाणी तसलं नवं लाकूड वापरायला मनाई आहे. जे मुलांच्या हाताला नको, ते माशांच्या पाण्यात कसं चालेल?

आता आमच्याजवळचा ओढा, स्केलेटन क्रीक. संध्याकाळी फिरायला गेलं की काठावर गुळगुळीत दगड आणि वाळलेल्या फांद्या दिसतात, आणि हात पुढे होतो. तो आवरा, असं मी मुलांना कळकळीने सांगते. या माळरानात पट्टेरी, पाय नसलेला एक सरडा राहतो. दगडाखालचा गारवा आणि जमिनीच्या भेगा हे त्याचं घर. ग्राउलिंग ग्रास फ्रॉग हा मोठा हिरवा बेडूक इथल्या ओढ्यांत आणि पाणथळ जागांत राहतो, काठच्या दगडांत लपतो. देशाच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत दोघांचीही नावं आहेत. ओल्या दगडाबरोबर बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी एका ओढ्यातून दुसरीकडे जाऊ शकते. ओढ्यातलं पडकं लाकूड काढून नेणं हे तर व्हिक्टोरियाच्या 1988च्या वनस्पती-प्राणी संरक्षण कायद्याखाली धोकादायक कृती म्हणून नोंदलेलं आहे, कारण मरे कॉडसारखे मासे त्याच ओंडक्यांच्या आडोशाने जगतात. आपल्या माशाला घर द्यायला दुसऱ्याचं घर मोडायचं, हे मला पटत नाही.

शिवाय शहरातल्या ओढ्यात काय वाहून आलंय याची खात्री नसते. 30 ऑगस्ट 2018 रोजी वेस्ट फुटस्क्रेमधल्या एका गोदामाला मोठी आग लागली. आग विझवायच्या पाण्याबरोबर रसायनं स्टोनी क्रीकमध्ये उतरली आणि ढिगाने मासे मेले. असं पाणी शोषलेलं लाकूड धुऊन साफ होत नाही.

देशी बदामाची वाळलेली पानं टाकीत फार चांगली. कोकणातल्या अंगणात त्यांचा खच पडतो, म्हणून लोक येताना बॅगेत आणायचं म्हणतात. आणू नका. विमानतळावर वनस्पतीचा कुठलाही भाग घोषित करावा लागतो. लपवला तर दंड होतो, आणि त्या नियमामागचं कारण रास्त आहे. तोच बदाम उत्तर ऑस्ट्रेलियातही मूळचा आहे, त्याची पानं इथल्या दुकानांत मिळतात. कोकण किनाऱ्यावरच्या सुरूचे नातेवाईक, शी-ओक, या माळावरचेच. कुणाच्या अंगणात झाड असेल तर खाली पडलेली, वाळलेली बोंडं विचारून आणा, उकळा आणि टाका. छोट्या टाकीला मोजकीच पुरतात. समुद्रावरचे शिंपले म्हणजे निव्वळ चुना, ते गप्पींना चालतील, निऑन टेट्रांना नाहीत. साधी, रंग न दिलेली मातीची कुंडी आडवी ठेवली तर लपायला त्याहून चांगली जागा नाही, आणि ती दोन-चार डॉलरला मिळते.

टाकी मोडायची वेळ आली तर मासे दुकानाला किंवा ओळखीतल्या कुणाला द्या. पाणवनस्पती पूर्ण वाळवून, पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. जलपर्णीने पंचगंगेचं काय केलं ते आपण पाहिलंय. व्हिक्टोरियाच्या ओढ्यांत आज ओरिएंटल वेदरलोच नावाचा जो उपरा मासा पसरलाय, तोही फिशटँकमधूनच आलेला आहे. दगड आणि लाकूड कडक उन्हात पूर्ण वाळवून ठेवा, शेजारी कुणीतरी नवी टाकी घेणारच असतं. त्यांना दगडाबरोबर त्याचं बादलीतलं मोजमापही लिहून द्या.