गुंड्याला परसाकडे कुठे न्यायचे?

माझ्या लहानपणी कराडात कुत्र्याच्या परसाकडेची काळजी कुणी केल्याचे आठवत नाही. वाड्याला परसदार होते, पलीकडे कृष्णाकाठ होता, आणि कुत्रा आपली सोय आपण पाहत असे. आता आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. परसदार गेले आणि कुत्रा मात्र आला!

गुंड्या दोन महिन्यांचा, पॉमेरेनियन म्हणून दिलेला, ओंजळीत मावेल एवढा. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावले, "सोळा आठवड्यांचा होऊन लशी पुऱ्या होईपर्यंत याला रस्त्यावर सोडू नका. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो." त्यातून दिवस आषाढाचे. प्रीतिसंगमावर कोयना-कृष्णा फुगलेल्या, गल्लीत पाणी साचलेले. आणि उंदीर मुतलेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. तेव्हा जे काय व्हायचे ते घरातच.

मुलीने बाल्कनीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरले. चार दिवसांत गुंड्या तिथे जाऊ लागला. मग आईचे लक्ष गेले. "अक्षरांवर? अरे, तू मराठी शिकवतोस ना?" कागदाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या पिढीपुढे माझे एम. ए. काय टिकणार? वर्तमानपत्र गेले, गोणपाट आले.

पण कुत्र्याचे पिल्लू जागा ओळखते ती नाकाने आणि तळपायाने. गुंड्याच्या तळव्यांना कागद ठाऊक झाला होता. त्याने घरभर कागद शोधला आणि त्याला तो सापडला माझ्या टेबलाखाली. द्वितीय वर्षाच्या ट्यूटोरियल्सचा गठ्ठा! मी त्याला एक चापट मारली, नाक जमिनीला घासले. त्या दिवसापासून तो माझ्यादेखत कुठेच करीना. कपाटामागे जाऊन गुपचूप करू लागला. तो सुधारला नव्हता, मला भ्यायला शिकला होता.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ यज्ञात आलेल्या एका कुत्र्याच्या पिल्लाला विनाकारण मारतात, आणि त्याची आई सरमा येऊन जाब विचारते. ही कथा मी वर्गात किती वेळा सांगितली असेल! त्या रात्री ती मलाच ऐकावी लागली.

तोड सौभाग्यवतीने काढली. गोणपाटावर कोरा, बिनछापाचा कागद. सरस्वतीही राहिली, गुंड्याही राजी झाला. कागद रोज थोडा लहान करीत गेलो, पंधरा दिवसांत नुसते गोणपाट उरले. धुताना वासाचा एक तुकडा मुद्दाम मागे ठेवायचा, म्हणजे त्याला ठिकाण कळते. इतरत्र सांडले तर व्हिनेगर पाण्यात घालून पुसायचे. अमोनियाचे औषध नको, त्याचा वास मुतासारखाच.

बाकी सारी वेळेची गंमत. झोपेतून उठला की, खेळून दमला की, खाऊन पाऊण घटका झाली की उचलून गोणपाटावर ठेवायचे आणि गप्प उभे राहायचे. महिन्यांचा आकडा आणि वर एक, एवढे तास पिल्लाला कसेबसे धरवते. म्हणजे दोन महिन्यांच्या बाळाला तीनच. रात्रीही उठावे लागते. काम झाल्याबरोबर, त्याच क्षणी, भाकरीचा तुकडा. पाच मिनिटांनी दिलेला तुकडा कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. शिक्षेचेही तेच.

पहाटेची पाळी आता आईकडे आहे. "सोवळ्यात आहे, शिवू नकोस रे," असे ती त्याला म्हणते आणि तुकडा वरून टाकते.

दसऱ्यापर्यंत लशी पुऱ्या झाल्या. त्याला दिमाखात प्रीतिसंगमावर नेले. एवढी हिरवळ, एवढी झाडे. तासभर हिंडला, सगळे हुंगले, पण पाय काही वर केला नाही. घराचे दार उघडताच मात्र गुंड्या बाण सुटल्यासारखा बाल्कनीतल्या गोणपाटाकडे धावला.