कुणाकडून घेतलं, कशासाठी घेतलं?

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला तिथले लोक लाडानं ‘पामी’ म्हणतात. १९२१ साली एक कुटुंब या गावात राहायला आलं. त्यातली मुलगी पुढच्या वर्षी इथल्या गर्ल्स हायस्कूलमध्ये जाऊ लागली. तिचं नाव रीटा अँगस. डोंगरांच्या पायथ्याशी एक चिमुकलं रेल्वे स्टेशन आणि गाडीची वाट बघत बसलेला एकटा माणूस, एवढाच ऐवज असलेलं तिचं ‘कॅस’ (१९३६) हे चित्र २००६ मध्ये एका टीव्ही कौलात देशातलं सर्वश्रेष्ठ चित्र ठरलं. त्यामुळे पामीतल्या शिक्षकाला आधुनिक कलेचा धडा पॅरिसपासून सुरू करावा लागत नाही. ‘याच गावात शाळेत जाणारी एक मुलगी होती,’ असं म्हणून सुरुवात करता येते.

इथल्या मानावातू आर्ट गॅलरीनं (आता ती ‘ते मानावा’ संग्रहालयाचा भाग आहे) १९७५ मध्ये कॉलिन मकाहन यांच्या १९४६ ते १९५२ या काळातल्या धार्मिक चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. या चित्रांत बायबलमधली माणसं न्यूझीलंडच्या टेकड्यांत उभी दिसतात, आणि काही चित्रांत त्यांचे शब्द कॉमिक्ससारख्या फुग्यांत लिहिलेले असतात. त्यातला एक फुगा मकाहन यांना कपडे धुण्याच्या पावडरीच्या खोक्यावर सापडला होता. पुढे तर त्यांनी काळ्या पृष्ठभागावर नुसती पांढरी अक्षरंच रंगवली, थेट शाळेतल्या फळ्यासारखी. त्यातलं एक भलंमोठं चित्र सरकारनं १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाला भेट दिलं, तेव्हा लोकांनी टिंगल केली. वर्गात यापेक्षा चांगला प्रश्न कुठला? फळ्यावर बाई लिहितात ते चित्र नाही, मग हे चित्र का?

त्या प्रदर्शनाच्या वेळी गॅलरीचे संचालक असलेले लुइत बिरिंगा यांनी २०१६ मध्ये एक माहितीपट केला तो शाळांतल्या कलाशिक्षणावर. त्याचा नायक गॉर्डन टोव्ही. टोव्ही १९४६ पासून देशाच्या शालेय कलाशिक्षणाचे प्रमुख होते. त्यांनी तरुण माओरी कलावंतांना कलाशिक्षक म्हणून तयार केलं आणि शाळाशाळांत धाडलं. राल्फ होटेरे, सँडी ॲडसेट, क्लिफ व्हायटिंग ही पुढची मोठी नावं त्याच मुशीतली. व्हायटिंग नंतर पामीच्या अध्यापक महाविद्यालयात शिकवत. याच गावातल्या मॅसी विद्यापीठात १९९० च्या दशकात माओरी दृश्यकलेचा स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला. म्हणजे ज्यांनी आधुनिक कलेचा इतिहास घडवला, त्यांच्यातले कित्येक आधी शाळामास्तर होते.

न्यूझीलंडच्या आताच्या शालेय परीक्षापद्धतीत शेवटच्या वर्षाचा चित्रकलेचा विद्यार्थी तीन मोठ्या फलकांवर आपलं काम मांडतो. त्यासाठी तो काही चित्रकार निवडतो, त्यांच्याकडून काहीतरी उचलतो आणि तिसऱ्या फलकापर्यंत ते आपलंसं करतो. हाताला वळण लावायला पद्धत उत्तम, पण तिच्यात एक खाचही आहे. चित्रकार म्हणजे शैलींचं दुकान होतं. हा फटकारा इथला, तो रंग तिथला. शैली उचलली जाते, तिच्यामागचं कारण मात्र मागेच राहतं. ते कारण शोधायला कलेचा इतिहास लागतो.

उदाहरणार्थ गॉर्डन वॉल्टर्स. माओरी कोरूचा, म्हणजे नेच्याच्या उलगडत्या कोंभाचा आकार त्यांनी १९५० च्या दशकात काटेकोर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत बसवला. चित्रं देखणीच. पण पुढे वाद पेटला: युरोपीय वंशाच्या चित्रकारानं हा आकार घ्यावा का? घेतला तर ऋण कसं मानावं? पिकासोनं १९०७ च्या सुमारास आफ्रिकी मुखवट्यांकडून घेतलं, तिथंही हाच प्रश्न. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना यावर हिरिरीनं भांडता येतं, आणि भांडताना इतिहास आपोआप शिकून होतो.

आता आपल्याकडे वळू. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा हात घडवला. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. दहावीला वाढीव गुणही. पण त्या परीक्षेची तयारी करणाऱ्या किती मुलांना ठाऊक असतं, की १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह गट स्थापला? की सूझा गोव्याच्या साळगावचे आणि चित्रकार गायतोंडे जन्मानं नागपूरचे? म्हणजे आपल्यालाही पॅरिसपासून सुरुवात करायचं कारण नाही.

आणि आपला कोरू तर आपल्या भिंतीभिंतीवर आहे. वारली! कुर्त्यावर, आकाशकंदिलावर, शाळेच्या कंपाउंडवर, परदेशातल्या दिवाळीच्या पोस्टरवरसुद्धा. लग्नाच्या चौकापुरतं, मुख्यतः बायकांच्या हातचं असलेलं हे चित्र कागदावर आणून जगापुढे नेणारे डहाणू परिसरातले जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) मात्र त्या पोस्टरवर नसतात. पुढच्या वेळी मुलानं तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवतीचा फेर काढला, की ‘छान’ म्हणण्याआधी विचारून बघावं: कुणाकडून घेतलंस?