नांव सुचविणारी कीर्द

जमाखर्चाचीं पुस्तकें आतां बहुतेक ठिकाणीं संगणकावर लिहिलीं जातात; तरी कीर्द आणि खतावणी यांचा मूळ धर्म बदललेला नाहीं. प्रत्येक रकमेस एक खातें लागतें. आणि ज्या संस्थेचीं कामें अनेक असतात तेथें खात्याशिवाय आणखी एक खूण लागते. सिमेंटचें बिल बांधकामखर्चाच्या खात्यांत पडतें खरें. परंतु तें बांधकाम धर्मशाळेचें कीं पाण्याच्या टाकीचें, हें खात्यावरून उमगत नाहीं. म्हणून त्या नोंदीस कामाच्या नांवाची चिठ्ठी जोडतात. हिलाच टॅग म्हणतात. टॅली या सुपरिचित हिशेबी आज्ञावलींत याच उपयोगासाठीं कॉस्ट सेंटर नांवाची सोय आहे.

कामें दहा असलीं तर चिठ्ठी हुडकण्यास श्रम नाहींत. तीं दोनशें झालीं म्हणजे कारकून दोन अक्षरें टंकतो, व उरलेलें नांव यंत्रानें ओळखावें अशी अपेक्षा करतो. ही ओळख अधिक नेमकी कशी व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्याच्या परीक्षेस शिर्डीइतकें कठीण गांव क्वचितच सांपडेल.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहाता तालुक्यांतील हें गांव. श्रीसाईबाबांनीं १९१८ सालीं विजयादशमीस येथें देह ठेवला, आणि पुढें गांवाची वाढ यात्रेकरूंच्या पावलांनीं झाली. बाजारांतून जातांना पाट्या वाचीत जावें; लॉज असो, खानावळ असो, औषधांचें दुकान असो, आरंभीं ‘साई’ हा शब्द वारंवार आढळावयाचा. आतां येथील एखाद्या लहानशा विश्वस्त संस्थेची यादी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं: साई अन्नदान निधि, साई रुग्णसेवा निधि, साई भक्तनिवास इमारत १, साई भक्तनिवास इमारत २, साई घाट पायऱ्या दुरुस्ती. कारकुनानें ‘सा’ टंकलें, ‘साई’ टंकलें, तरी यादी एका ओळीनेंही आंखुडत नाहीं!

याचें कारण असें कीं, साधा शोध शब्दकोशाप्रमाणें पहिल्या अक्षरापासून चालतो. संगणकांत त्यासाठीं नांवांचा एक वृक्ष रचतां येतो. प्रत्येक अक्षरापाशीं फांदी फुटते, आणि टंकणारा फांदीफांदीनें पुढें सरकतो. या रचनेस ‘ट्राय’ हें नांव एडवर्ड फ्रेडकिन यांनीं १९६० सालीं दिलें. वृक्ष उत्तम, पण शिर्डीच्या यादींत त्यास नुसतें उंच खोड आहे, फांद्या शेंड्यापाशीं. उपाय असा कीं, नांवांतील प्रत्येक शब्द स्वतंत्रपणें सूचींत घालावा, आणि जो शब्द सर्वत्र येतो त्याचें वजन कमी धरावें. शब्द जितका विरळा तितका तो शोधास अधिक उपयोगी, हें तत्त्व केरन स्पार्क जोन्स या विदुषीनें १९७२ मध्यें मांडलें. तें लावलें कीं ‘अन्न’ एवढें टंकतांच अन्नदान निधि वर येतो.

मराठीची अडचण येथेंच संपत नाहीं. ‘पायऱ्या’ हा शब्द पाहा. त्यांतील अर्धा र युनिकोड संकेतांत दोन रीतींनीं लिहितां येतो: एकांत ऱ हा निराळा वर्ण घेतात, दुसरींत साध्या र ला हलन्तचिन्ह देऊन पुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. डोळ्यांस दोन्ही रूपें एकच. यंत्रास मात्र तीं भिन्न. चिठ्ठी एकानें एका रीतीनें लिहिली व दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें शोधली, तर यंत्र ‘असें काम नाहीं’ म्हणून मोकळें होतें, आणि बिचारा कारकून त्याच नांवाची दुसरी चिठ्ठी उघडतो. एकाच कामाचा खर्च मग दोन ठिकाणीं विभागतो. तसेंच १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं ‘निधि’चा ‘निधी’ झाला. पण जुन्या वह्यांवरून उतरलेलीं नांवें ऱ्हस्वच राहिलीं. म्हणून साठवितांना व शोधतांना दोन्ही वेळां सर्व रूपें एका ठराविक रूपांत आणून मगच ताडून पाहावीं.

टंकनांतील चुका पोटांत घालणें हाही एक मार्ग आहे. एका शब्दाचा दुसरा करण्यास किती अक्षरें बदलावीं लागतील, हें मोजण्याची रीत लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानें १९६५ त दिली. परंतु ही क्षमाशीलता आंकड्यांस लावूं नये. ‘इमारत १’ आणि ‘इमारत २’ यांत एकाच चिन्हाचें अंतर आहे, आणि तेंच अंतर लाखो रुपयांचें असूं शकतें.

आतां क्रमाविषयीं. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीची इआरपीनेक्स्ट ही आज्ञावली मुक्तस्रोत असल्यामुळें तिचें अंतरंग कोणासही पाहतां येतें. तींत टंकलेलीं अक्षरें नांवाच्या मध्यें असलीं तरी तें नांव सांपडतें. आणि एखादें नांव पूर्वीं किती नोंदींस जोडलें गेलें, याची मोजदाद क्रम लावतांना उपयोगीं आणली आहे. कल्पना चांगली, पण नुसती मोजदाद मोठ्यालाच मोठें करते. रोज बिलें येणारी इमारत वर बसते, आणि वर्षांतून चार नोंदी होणारा रुग्णसेवा निधि तळाशीं जातो. त्याऐवजीं खातें व समोरची असामी पाहून अंदाज बांधावा. किराणा दुकानदाराचें बिल आलें तर अन्नदान पुढें यावें, सुताराचें आलें तर इमारत. झालेल्या नोंदींपैकीं अलीकडच्या नोंदींस अधिक मान द्यावा.

एवढें झाल्यावरही नांव यंत्रानें आपण होऊन भरूं नये, केवळ सुचवावें, असें माझें मत आहे. दुहेरी नोंदीच्या पद्धतींत नांवें व जमा जुळलीं कीं तेरीज बरोबर येते. चिठ्ठी चुकली तरी ती बरोबरच येते. अमुक कामासाठीं म्हणून दिलेला पैसा दुसऱ्या कामाच्या नांवावर खर्ची पडला, तर बेरीज त्याची चाहूल देत नाहीं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, यानें हिशेब ठेवणें व तपासून घेणें बंधनकारक केलें आहे. परंतु तपासनिसापुढें पुस्तक येईपर्यंत पुष्कळदां वर्ष लोटलेलें असतें. म्हणून सुचविलेल्या नांवाशेजारीं त्या निधीची शिल्लक आणि शेवटच्या नोंदीची तारीख दिसावी; आणि दोन नांवें जवळजवळ सारखीं असतील तेथें यंत्रानें दोन्ही दाखवून थांबावें, कारकुनानें बोट ठेवीपर्यंत.